एड्सच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार?

ताई नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातली, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सेमिस्टरला आमच्याकडे एका सिनियर व्हायरॉलॉजिस्टचं लेक्चर झालं, त्यांनी सुरुवात हर्पिसपासून, म्हणजे नागीण-कांजिण्यांच्या व्हायरसच्या कुटुंबापासून केली, मग एचआयव्ही, मग हिपॅटायटिस, सगळं करिअर या तिन्हींतच गेलं त्यांचं. तेव्हापासून मला पीएचडी व्हायरॉलॉजीतच करायचीय. पण पप्पा म्हणतात फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला लाग, पगार सुरू होईल. मम्मीला भीती वाटते की मलाच काहीतरी होईल. आत्या तर सगळ्यांसमोर बोलली की एड्सच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार. मैत्रिणी म्हणतात कोरोनानंतर हे जुने व्हायरस कोण विचारतंय. हे काम खरंच धोक्याचं आहे का, तिन्हींतला कुठला व्हायरस धरू, आणि यात पोट भरतं का?
– गोंधळलेली, वय २२

अगं, तुझं मनातून ठरलेलं दिसतंय, घरच्यांशी काय आणि कसं बोलायचं तिथे गाडी अडलीय. तर आधी मम्मीचं बघू, कारण पप्पांचा मुद्दा पैशाचा आहे, तो आकडे मांडून बोलता येईल, पण मम्मीची भीती खरी आहे आणि तिला 'काही होत नाही गं' म्हणून उडवून लावू नकोस. धोका आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत एचआयव्हीचा खूप कॉन्सन्ट्रेटेड स्टॉक हाताळणाऱ्या लॅबवाल्यांना इन्फेक्शन झाल्याच्या नोंदी आहेत, आणि १९९७ मध्ये तिकडेच माकडांवर काम करणाऱ्या एका तरुण रिसर्चरच्या डोळ्यात माकडाच्या अंगावरचं काहीतरी उडालं, त्यातून हर्पिस बी नावाचा व्हायरस गेला आणि ती गेली. गॉगल, फेस शील्ड या गोष्टींवर एवढा कडक आग्रह धरला जातो तो अशा घटनांमुळे. हे मम्मीपासून लपवू नकोस, कारण नंतर कुठेतरी व्हॉट्सॲपवर तिच्या वाचनात आलं तर तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही ती विश्वास ठेवणार नाही.

पण मग आकडेही सांग. पेशंटच्या रक्ताची सुई चुकून टोचली तर काय, याचा एक ढोबळ हिशोब हॉस्पिटलांमध्ये शिकवतात: हिपॅटायटिस बी, लस घेतलेली नसेल तर, शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागू शकतो, हिपॅटायटिस सी शंभरात तिघांना आणि एचआयव्ही हजारात तिघांना. म्हणजे घरात ज्या नावाने सगळे दचकतात तो या तिघांत सगळ्यात कमी लागणारा आहे, आणि जो सगळ्यात पटकन लागतो त्यावर गेली कित्येक वर्षं उत्तम लस आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर सुई टोचल्यावर ७२ तासांच्या आत, खरं तर काही तासांतच, गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या की तो धोकाही आणखी खूप खाली येतो. हिपॅटायटिस सीला लस नाही पण आता तो गोळ्यांनी बरा होतो.

आणि लॅबमध्ये आपण नेमकं काय करतो ते तिला दाखव, चित्र काढून दाखव हवं तर, कारण तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक टीव्हीवरचा प्रोटेक्टिव्ह सूटमधला माणूस असणार. समज एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्यात. ट्यूबमध्ये खाली फिकॉल नावाचं जड द्रावण घ्यायचं, ट्यूब तिरकी धरायची आणि पातळ केलेलं रक्त पिपेटने तिच्या भिंतीवरून हळू, अगदी हळू वर सोडायचं, दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. मग सेंट्रीफ्यूज, आणि त्याचा ब्रेक बंद ठेवायचा, कारण मशीन झटक्यात थांबलं की थर हलतात आणि सगळी मेहनत जाते. बाहेर काढलं की वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल, आणि मध्ये धूसर पांढरी रिंग दिसते, त्या रिंगमध्ये आपल्या पेशी असतात, त्या अलगद ओढून घ्यायच्या. ट्यूब उघडायची ती बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, जिथे हवा आत ओढली जाऊन फिल्टर होऊनच बाहेर पडते, हातात दोन ग्लोव्ह्ज, काचेच्या जागी प्लास्टिक, सुई शक्यतो नाहीच, सेंट्रीफ्यूजच्या बकेटला झाकण आणि ते झाकणही कॅबिनेटमध्येच काढायचं. शिवाय एचआयव्हीच्या खूप प्रयोगांत पूर्ण जिवंत व्हायरस लागतच नाही, स्यूडोव्हायरस वापरतात, तो पेशीत एकदाच शिरू शकतो आणि पुढे वाढू शकत नाही. हर्पिस सिम्प्लेक्सचं काम तर साध्या बीएसएल-२, म्हणजे चारपैकी दुसऱ्या सुरक्षा पातळीच्या लॅबमध्ये चालतं, व्हेरो नावाच्या माकडाच्या पेशींचा थर, त्यावर व्हायरस, दोनेक दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेट टाकायचं, जांभळ्या थरात जिथे जिथे पेशी मेल्यात तिथे पांढरे ठिपके दिसतात ते मोजत बसायचे.

माझा अनुभव सांगते, धोका वाढतो तो व्हायरसमुळे कमी आणि लॅबच्या सवयींमुळे जास्त. रात्री अकराला, दमलेली, एकटी, दुसऱ्या दिवशी लॅब मीटिंग आहे म्हणून घाईत काम करणारी मुलगी, तिची मला काळजी वाटते. म्हणून पीएचडीच्या इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा तिथल्या सिनियर मुलांना बाजूला घेऊन विचार की बाई गं, सुई टोचली तर कुणाला फोन करायचा, गोळ्या कुठे मिळतात, रात्री मिळतात का, घटनेची नोंद होते का की वरच्या वर मिटवतात. यावर ज्या लॅबमधली मुलं एका दमात उत्तर देतात ती लॅब चांगली. जिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात तिथे पेपर कितीही मोठ्या जर्नलमधले असले तरी मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

आता आत्या. आत्याला उत्तर म्हणून तुला दोन बायकांची गोष्ट सांगते, ती तुला तशीही माहीत असायला हवी. १९८५ साल संपत होतं, भारतात एड्स नाहीच, तो तिकडच्या लोकांचा रोग, असं सगळे छातीठोक सांगत होते. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सुनीती सोलोमन मायक्रोबायोलॉजीच्या प्रोफेसर होत्या, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी आपल्या स्टुडंटला, डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना, विषय दिला की शहरातल्या सेक्स वर्कर बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडतो का बघ. निर्मला बत्तीस वर्षांच्या, पारंपरिक घरातल्या, त्यांनी एचआयव्ही हे नाव धड ऐकलेलं नव्हतं, आणि आधी त्या नाहीच म्हणाल्या. त्यांना 'कर तू' म्हणून मागे लागला तो त्यांचा नवरा. तोच स्कूटरवरून सोडायला जायचा. रक्त घेतलं, सिरम वेगळं केलं, धड सोय नव्हती म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये आइसबॉक्समध्ये सॅम्पल भरून दोघं नवरा-बायको रात्रीच्या ट्रेनने काटपाडीला आणि तिथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये गेले, कारण एलायझा टेस्टची सोय तिथे होती. सहा सॅम्पल पॉझिटिव्ह निघाली. भारतात एचआयव्ही आहे हे असं कळलं, आणि तेव्हा कळलं म्हणून रक्तपेढ्यांपासून पुढच्या सगळ्या गोष्टी हलायला लागल्या.

सोलोमन बाईंनी पुढे १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वायआरजी केअर ही संस्था काढली, हजारो पेशंट बघितले, आणि आत्याला मुद्दाम सांग, त्यांनी एचआयव्हीसोबत जगणाऱ्या मुलामुलींची एकमेकांशी लग्नंसुद्धा जुळवली. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निर्मलांची आठवण मात्र लोकांना फार उशिरा झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट आत्याच्या कानावर घाल. २०११ मध्ये एका मोठ्या ट्रायलचा रिझल्ट आला, नऊ देशांतली १,७६३ जोडपी, ज्यात एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह, आणि त्यातली काही आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली. पॉझिटिव्ह माणसाला लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी खाली आलं. त्यानंतरच्या अभ्यासांनी तर हे पक्कंच केलं की गोळ्या नीट चालू असून रक्तात व्हायरस सापडत नसेल तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही. म्हणजे पॉझिटिव्ह माणसाशी संसार करणाऱ्यालाही लागण होत नाही अशा काळात आपण आहोत आणि आत्या काळजी करतीय ती ग्लोव्ह्ज घालून ट्यूब हाताळणाऱ्या मुलीची. शांतपणे सांग, भांडू नकोस. आणि तुझ्या सांगलीत तर १९९२ पासून संग्राम संस्थेने सेक्स वर्कर बायकांबरोबर या विषयावर जे काम उभं केलंय त्याचं नाव जगभर घेतलं जातं, ते आत्याला माहीत नसेल तर तूच सांग. एवढं करूनही एखादं स्थळ या कारणावरून नाही म्हणालं तर म्हणू दे, ज्या घरात तुझ्या कामाची लाज वाटणार आहे तिथे लग्नाआधीच कळलेलं बरं.

आता तुझा खरा प्रश्न, तिन्हींतला कुठला. माझं मत विचारशील तर व्हायरसच्या नावावरून ठरवूच नकोस. तुमच्याकडे आलेल्या त्या सिनियरांनी तिन्हींवर काम केलं ते काही मन रमत नव्हतं म्हणून व्हायरस बदलत गेले असं नाही, त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा रस्ता असाच गेलाय. ऐंशीच्या दशकात हर्पिसच्या फॅमिलीवर काम करणारे लोक बघत होते की एड्स झालेली तरुण माणसं अशा इन्फेक्शनने मरतायत ज्यांनी एरवी कुणी मरत नाही, हर्पिसच्याच घरातल्या सायटोमेगॅलोव्हायरसने डोळे जातायत, तरुण पोरांना नागीण उठतीय, अंगावर कापोसी सार्कोमा नावाच्या कॅन्सरच्या गाठी येतायत, आणि त्या गाठींमागेही एक हर्पिसव्हायरसच आहे हे १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याने शोधलं. मग हर्पिसवाले आपोआप एचआयव्हीकडे वळले. पुढे चांगली औषधं आली, एचआयव्हीचे पेशंट जगायला लागले, आणि मग दिसायला लागलं की यातल्या बऱ्याच जणांना हिपॅटायटिस बी किंवा सी पण आहे आणि आता लिव्हर दगा देतंय. म्हणून मग हिपॅटायटिस. पेशंट तोच होता, त्याच्या मागे मागे हे लोक गेले.

आणि आतून बघितलंस तर या तिन्हींचा प्रश्नही एकच निघतो, की व्हायरस शरीरात आयुष्यभर मुक्काम कसा ठोकतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो हर्पिसव्हायरस मज्जातंतूंच्या गाठींमध्ये गप्प पडून राहतो आणि पन्नास वर्षांनी नागीण होऊन बाहेर येतो. हिपॅटायटिस बी लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक गोल रिंग ठेवून देतो, तिला सीसीसीडीएनए म्हणतात, आजची औषधं व्हायरसला दाबून ठेवतात पण ती रिंग काढू शकत नाहीत. एचआयव्ही तर आपला जीनोम सरळ आपल्या क्रोमोसोममध्ये शिवून टाकतो आणि प्रतिकारशक्तीच्या झोपलेल्या सीडी४ पेशींमध्ये वर्षानुवर्षं लपतो, गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत परत. हिपॅटायटिस सीचं बिऱ्हाड नुसतं आरएनएचं, केंद्रकात काही साठवलेलं नसतं, म्हणूनच तो साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये कायमचा जातो. ही एवढी एक गोष्ट नीट समजली ना, की कुठला बरा होतो, कुठला नुसता दबतो आणि का, की तुला अख्खा विषय उलगडायला लागेल.

औषधांच्या बाबतीतही हे तिन्ही एका कुटुंबातले आहेत आणि इथे मला गर्ट्रूड एलियनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, खास तुझ्या पप्पांसाठी. १९३०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये केमिस्ट्री शिकलेली मुलगी, लॅबमध्ये कुणी नोकरी देईना, एका ठिकाणी तर सांगितलं की तू आलीस तर पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही. मग काय, शाळेत शिकवलं, आणि नंतर एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी केली, लोणच्याची आंबटाई तपासायची, मेयोनेजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायचा. तिथलं शिकण्यासारखं संपलं तेव्हा तिने ती नोकरी सोडली. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली, पीएचडी अर्धवट सुटली कारण नोकरी सोडून पूर्णवेळ करा म्हणाले, आणि ती पुढे कधीच झाली नाही. त्या बाईच्या टीमने असायक्लोव्हिर वर आणलं, हर्पिसचं पहिलं खरं नेमकं औषध. त्यातली खुबी अशी की ते औषध गोळीत असताना निष्क्रिय असतं, हर्पिसचं स्वतःचं एन्झाइम त्याला चालू करतं, म्हणून ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच ते काम करतं आणि निरोगी पेशीला जवळजवळ धक्का लागत नाही. तोपर्यंत बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की पेशीला इजा न करता व्हायरसला मारणं शक्यच नाही. त्याच लॅबच्या लोकांनी पुढे एझेडटीवर काम केलं, जे १९८७ मध्ये एचआयव्हीचं पहिलं औषध झालं. त्या प्रकारच्या औषधांतूनच लॅमिव्हुडीन आणि टेनोफोव्हिर आली जी एचआयव्हीलाही चालतात आणि हिपॅटायटिस बीलाही, कारण दोघांकडे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम आहे. हर्पिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस, बघ कसं जुळतं. १९८८ मध्ये एलियनला नोबेल मिळालं. तर क्यूसीची नोकरी वाईट नाही, पप्पांना तसं म्हणूही नकोस, फक्त सांग की तिथून पुढे जायचा रस्ता तुला मोकळा हवाय.

मैत्रिणींच्या 'जुने व्हायरस' वर मला खरंच राग आला, सॉरी. हिपॅटायटिस बी पेशीत शिरतो कुठल्या दारातून हेच जगाला २०१२ मध्ये कळलं. एपस्टाइन-बार व्हायरस १९६४ मध्ये सापडला, तोही हर्पिसच्याच घरातला, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी त्याचं नातं इतकं घट्ट आहे हे अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये पुढे आलं. २०२४ मध्ये एचआयव्ही टाळण्यासाठीच्या लेनाकापाव्हिर या औषधाच्या ट्रायलमध्ये वर्षातून दोनदा इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुण मुलींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही, एकीलाही नाही, आणि ते औषध उभं राहिलं ते एचआयव्हीच्या कवचाचा, कॅप्सिडचा, वर्षानुवर्षं निवांत अभ्यास करणाऱ्यांच्या कामावर, ज्यांना तेव्हा लोक विचारत असणार की याचा उपयोग काय. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने एकट्या भारतात जवळपास तीन कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आहे. एचआयव्हीसोबत जगणारे आपल्याकडे पंचवीस लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये सबटाइप सी आहे, तर जगातलं बरंचसं जुनं संशोधन सबटाइप बीवर झालंय, म्हणजे आपल्या लोकांच्या अंगातल्या व्हायरसचा अभ्यास आपल्यालाच करायचाय, कोण करणार दुसरं?

आणि आपल्या गावाकडचं बघ ना. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, असं अजून सांगतात आणि फोडांवर काय काय लावत बसतात, तेवढ्यात असायक्लोव्हिर सुरू करायचे पहिले दोन-तीन दिवस निघून जातात. काविळीचं तर विचारूच नको. पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपली आपण बरी होते, आणि श्रेय माळ घालणाऱ्याला किंवा पाला देणाऱ्याला जातं. मग हिपॅटायटिस बीवालाही तिथेच जातो आणि जेव्हा पोटात पाणी होतं तेव्हा हॉस्पिटलमध्ये येतो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर चारपाच जणींतली एक दगावू शकते, हे किती घरांत माहीत आहे? हिपॅटायटिस ईवर पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजीत, डॉ. विद्या अरंकल्ले आणि त्यांच्या ग्रुपने वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचे पेपर काढून वाच, पुण्यात बसून जगाला उपयोगी पडेल असं काम कसं करतात ते दिसेल.

म्हणून निवडायचं झालं तर असं निवड: तुला पेशीच्या आतली यंत्रणा आवडते, व्हायरस झोपतो कसा उठतो कसा, तर हर्पिस किंवा एचआयव्हीची लेटन्सी घे. माणसांत मिसळायला, पेशंटच्या सॅम्पलवर, गावातल्या साथीवर काम करायला आवडतं तर हिपॅटायटिस. आणि कुठल्याही बाबतीत गाईड बघून घे, हे मी व्हायरसच्या वर ठेवते. हिपॅटायटिस सीचं उदाहरण देते. १९७५ च्या सुमारास हार्वे ऑल्टर वगैरेंनी दाखवलं की रक्त दिल्यानंतर होणारी एक कावीळ ना ए आहे ना बी. मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ १९८२ पासून त्याच्या मागे लागले, साधारण दहा लाख क्लोन, म्हणजे जनुकांच्या तुकड्यांच्या प्रती चाळून एक पकडला आणि १९८९ मध्ये व्हायरस जाहीर केला. मग चार्ल्स राईस, जीनोमच्या टोकाचा एक तुकडा सगळ्यांकडून सुटलेला होता तो जोडून त्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की हा एकटा व्हायरस आजार करतो. त्यावरची सोफोस्बुव्हिर ही गोळी यायला २०१३ उजाडलं. तर २०१३ मध्ये हॉटन यांना गेअर्डनर नावाचं मोठं पारितोषिक जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं, कारण चू आणि कुओंना त्यात घेतलं नव्हतं. असा माणूस गाईड म्हणून मिळायला नशीब लागतं, पण निदान उलट्या टोकाचा तर टाळता येतो. मागच्या पाच-सात वर्षांतल्या पेपरवर पहिलं नाव स्टुडंटचं आहे का बघ, मुलं किती वर्षांत बाहेर पडली आणि आता कुठे आहेत ते विचार, मधेच सोडून गेलेल्यांना फोन लाव.

पैशाचं सरळ सांगते. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पुण्यात दोघींनी रूम शेअर करून यात भागतं, घरी थोडे पाठवताही येतात, पण फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने अडकते, म्हणून पहिल्या दिवसापासून चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला लाग. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची काही वर्षांची तात्पुरती रिसर्चची जागा, पक्की नोकरी लागेपर्यंत तेहतीस-पस्तीस उजाडतं, आणि परदेशी पोस्टडॉकचा रस्ता २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँट कापल्या गेल्यावर अजून अरुंद झालाय. पण प्रोफेसर होणं हा एकच शेवट नाही. पुण्यात लस बनवणारे आहेत, टेस्ट किट बनवणारे आहेत. जीन थेरपी आणि कॅन्सरच्या सीएआर-टी उपचारात (यात पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) पेशीत जीन नेऊन सोडायला जी लेन्टिव्हायरसची गाडी वापरतात ती एचआयव्हीपासूनच बनवलेली असते, आणि आयआयटी मुंबईतून निघालेला भारतातला पहिला सीएआर-टी उपचार २०२३ मध्ये मंजूर झालाय, तिथे व्हायरस हाताळता येणारी माणसं लागतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर तर सुधारलेला हर्पिस सिम्प्लेक्सच औषध म्हणून गाठीत टोचतात, २०१५ पासून. पप्पांना हे सगळं एका कागदावर लिहून दाखव आणि त्यांच्याकडून मुदत माग, समज नेट-जेआरएफच्या परीक्षेसाठी दीड वर्ष, तोपर्यंत नाही झालं तर नोकरी धरून तयारी करेन असं स्वतःहून सांग. मुदत ठरलेली असली की वडील बहुतेक ऐकतात.

आत्ता लगेच काय करायचं तर शेवटच्या सेमिस्टरचं डेझर्टेशन कॉलेजात ब्रेडवरच्या बुरशीवर उरकू नकोस. पुण्यात पाषाणची एनआयव्ही आहे, भोसरीची नारी, म्हणजे नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट आहे जिचं नाव आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च झालंय, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. एकेका सायंटिस्टचे दोन पेपर वाचून, त्यातलं तुला काय समजलं नाही ते लिहून ईमेल कर. सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट ईमेल नको, ते लगेच ओळखू येतं. दहातल्या आठ जणांचं उत्तर येणार नाही, तरी आठवडाभराने परत एकदा नम्रपणे विचार.

आणि हिपॅटायटिस बीची लस याच आठवड्यात सुरू कर, लॅब मिळेपर्यंत थांबू नकोस. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोध आणि अँटिबॉडीची टेस्ट करून घे, घेतली नसेल तर आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा डोस, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण तपासायचा, तो दहाच्या वर आला पाहिजे, नाही आला तर डॉक्टर परत डोस देतात. पहिल्या डोसला मम्मीला सोबत घेऊन जा.